चौथ्या मावशी का गेल्या?

पुण्यात राहणाऱ्या एका वाचकाने पत्र लिहिले आहे. वय ४९, नोकरी पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्यात. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीत. त्यांच्या ७४ वर्षांच्या आईला पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अस्पष्ट झाले. समजते मात्र सगळे. आई रुग्णालयातून घरी आली तेव्हापासून ब्युरोमार्फत, म्हणजे घरी माणसे पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, तिची काळजी घ्यायला मावशी ठेवल्या आहेत. आतापर्यंत दोन ब्युरो आणि सात मावशी झाल्या. पहिल्या तिघी आपापल्या अडचणींमुळे गेल्या. चौथ्या मावशी चोवीस तासांच्या होत्या आणि दोन महिने टिकल्या. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीला त्या घरातील कॅमेऱ्यावर सलग तीन दुपारी झोपलेल्या दिसल्या, तिने ब्युरोकडे तक्रार केली आणि मावशी बदलल्या गेल्या. त्या गेल्या त्या दिवशी आई जेवली नाही. मग बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू झाल्या, खर्च वाढला, आणि गेल्या आठवड्यात आईच्या माकडहाडापाशी जखम झालेली आढळली. बहीण म्हणते, एखाद्या मोठ्या कंपनीची महागडी सेवा घ्या, पैसे मी देते. पण शेवटी घरचेच माणूस लागते, असेही पत्रात आहे. पत्नी नोकरी सोडायला तयार आहे. एका नातेवाइकांनी केअर सेंटर सुचवले आहे. वाचक विचारतात : विश्वासू मावशी कुठे मिळेल? चांगला ब्युरो ओळखायचा कसा? की पत्नीने घरी राहणे हाच खरा मार्ग आहे?

आपले पत्र सविस्तर आहे. सात मावशींचा हिशेब त्यात आहे, दोन्ही ब्युरोंचे दर आहेत, बहिणीचे म्हणणे आहे, पत्नीची तयारी आहे. एका गोष्टीचा उल्लेख मात्र मला कुठे सापडला नाही : आईची कूस कशी बदलायची, तिला भरवताना पाठ किती उभी ठेवायची, हवेच्या गादीचा पंप कितीवर ठेवायचा, हे या सातजणींपैकी कोणाला, कोणी आणि कधी दाखवले? 'ब्युरोने शिकवूनच पाठवले असेल' असे आपले उत्तर असेल, तर माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ त्या 'असेल'मध्ये आहे.

परंतु आधी जखमेविषयी लिहिते, कारण ती आपल्या निर्णयासाठी थांबणार नाही. ही जखम याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा नोंदणीकृत परिचारिकेला प्रत्यक्ष दाखवावी. मोबाइलवर फोटो पाठवून भागवू नये, कारण शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम वरून रुपयाएवढी दिसली तरी आत बरीच खोल असू शकते. दुर्गंधी, पू, ताप, किंवा भोवतालची त्वचा काळपट पडणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी दाखवावी. ड्रेसिंग कोणी करायचे आणि किती दिवसांनी, हे लिहून घ्यावे. तोपर्यंत आईला उताणे निजवणे शक्य तितके टाळावे आणि दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर वळवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशांत कलते ठेवावे. एक उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, आणि एक पोटऱ्यांखाली, अशी की टाचा गादीला टेकणार नाहीत. वळवताना लुळ्या उजव्या हाताला धरून ओढू नये, कारण त्या खांद्याला आता स्नायूंचा आधार उरलेला नसतो आणि सांधा जागेवरून सरकू शकतो. लाल झालेल्या जागेला तेल किंवा स्पिरिट लावून चोळण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ती बंद करावी, कारण चोळण्याने आतला दुखावलेला भाग अधिकच दुखावतो. मधोमध भोक असलेली गोल रबरी चकती कोणी प्रेमाने आणून दिली असेल, तर ती माळ्यावर टाकावी. तिच्या कडेने उलट रक्तपुरवठा अडतो. सावळ्या त्वचेवर सुरुवातीची लाली डोळ्यांना नीट दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. बोटांनी चाचपून पाहावे : ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का, आणि दाबून सोडल्यावर तिचा रंग पालटतो का. पालटत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजावे.

आता आपला पहिला प्रश्न. 'विश्वासू' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि बहुधा ते आपल्याच ध्यानात येत नाही. कपाट उघडे राहिले तरी चिंता वाटू नये, हा एक अर्थ. त्यासाठी ओळखपत्र, पोलिस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी आणि आधीच्या एखाद्या घरी केलेला फोन एवढे पुरेसे आहे. आईचे शरीर निर्धास्तपणे सोपवता यावे, हा दुसरा अर्थ, आणि त्याचा प्रामाणिकपणाशी फारसा संबंध नाही. अतिशय प्रामाणिक, मायाळू बाईच्या हातूनही शय्याव्रण होते.

आपल्याकडे 'सिस्टर' हा शब्द फार सैल झाला आहे. ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसविका) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. हे पूर्ण करणाऱ्यांची आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि तो नोंदणी क्रमांक आपल्याला निःसंकोच मागता येतो. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींपैकी बहुतेकींकडे यांतले काहीच नसते. काहीजणींनी सहायकाचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला असतो, काही एखाद्या रुग्णालयात आया म्हणून बघून बघून शिकलेल्या असतात, आणि काही मागच्या महिन्यापर्यंत पोळ्या लाटण्याची कामे करत असतात. या तिघी एकाच दराने, एकाच रंगाचा कोट घालून आपल्या दारात उभ्या राहतात. अशा वेळी ब्युरोला विचारायचा प्रश्न 'चांगली आहे ना?' हा नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो'च येते. याआधी त्यांनी पक्षाघाताचा रुग्ण किती दिवस सांभाळला, आणि कोणाच्या घरी, ते विचारावे. शक्य असल्यास त्या घराशी बोलावे. इंजेक्शन, नाकातील नळी घालणे, लघवीची नळी बदलणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही परिचारिकेची कामे आहेत. मावशी ती करायला तयार असल्या तरी त्यांच्याकडून करून घेऊ नयेत, आणि त्यांनी नकार दिला तर त्याला कामचुकारपणा म्हणू नये.

वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजायचा कसा, यावर अवेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी १९६६ मध्ये एक मांडणी केली, आणि ती आजही वापरली जाते. बैरूतमध्ये जन्मलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेत प्राध्यापक होते. सेवेकडे तीन बाजूंनी बघावे, असे त्यांचे म्हणणे : साधने आणि माणसे कोणती आहेत, प्रत्यक्षात काय केले जाते, आणि रुग्णाचे शेवटी काय होते. ही मांडणी रुग्णालयांसाठी म्हणून ओळखली जाते, पण आपल्या शयनघरालाही ती चपखल बसते. आपण पहिली बाजू पाहिली : ब्युरोचे नाव, दर, गादी, कॅमेरा. तिसरी बाजू जखमेच्या रूपाने आपल्यासमोर आली. मधली बाजू, म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ आणि पुन्हा सकाळी आठपर्यंत त्या पलंगाशी नेमके काय घडते, ती मात्र घरातल्या कोणीच पाहिलेली नाही, आणि माणसे बदलून ती कधी दिसणारही नाही.

सकाळचे आठ डोळ्यांसमोर आणा. रात्रीच्या मावशींनी कोट घडी करून पिशवीत टाकलेला आहे, त्यांना बस गाठायची आहे. दिवसाच्या मावशी अजून चपला काढत आहेत. तुम्ही डबा घेऊन निघाला आहात, पत्नीची शाळा, मुलीचा क्लास. दारात दोघींची गाठ पडते. 'काय म्हणतात आजी?' 'ठीक आहेत. झोपल्या नाहीत जरा.' संपले. आई का झोपली नाही, रात्री कूस किती वेळा बदलली, लघवी कमी झाली का, पाणी पिताना ठसका लागला का, पाठीवर कुठे लाली आहे का, यातले एक अक्षर एकीकडून दुसरीकडे गेले नाही. रुग्णालयात पाळी बदलताना परिचारिका पलंगाशी उभ्या राहून एकेका रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला देतात. घरी तीच पाळी बदलते, फक्त माहिती कोणी देत नाही. चोवीस तासांच्या एका मावशींऐवजी बारा तासांच्या दोघी आल्यावर जखम व्हावी, याचे आपल्याला आश्चर्य वाटले आहे. मला तितकेसे वाटले नाही. हात दोनाचे चार झाले, पण लक्षात ठेवणारे डोके एकाचे अर्धे-अर्धे झाले.

यात मी शहाणपणा शिकवते आहे असे वाटू नये म्हणून सांगते. आमच्या घरी सासऱ्यांना लघवीची नळी होती. कूस बदलताना अडचण नको म्हणून मावशी लघवीची पिशवी उचलून पलंगावर, त्यांच्या पोटाशी ठेवत, आणि काम झाल्यावर कधी खाली अडकवत, कधी तशीच विसरत. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच असली पाहिजे, नाहीतर आतले पाणी उलटे फिरते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मला ते माहीत होते आणि मी रोज त्या खोलीत चार वेळा जात होते. तापाने फणफणून त्यांना पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा मी ब्युरोवाल्याला फोनवर बरेच काही सुनावले. मावशी बदलल्या. नव्या आलेल्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी पिशवी पलंगावर ठेवली.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे : दोनशे पानी वही आणा. रोजचे एक पान, त्यावर पट्टीने आखलेले रकाने : वेळ, कोणत्या कुशीवर, खाणे-पाणी, लघवी-शौच, औषध, त्वचा. लिहिण्याचा सराव नसलेल्या मावशींना निबंध लिहायला लावू नका; डाव्या कुशीसाठी 'डा', उजव्यासाठी 'उ', बरोबरची खूण एवढे पुरते. पाळी बदलताना दोघींनी मिळून एकदा आईला वळवून पाठ आणि टाचा पाहायच्या आणि दोघींनी सही करायची. यासाठी पाळ्यांत पंधरा मिनिटे सामाईक असू द्या आणि त्या पंधरा मिनिटांचे पैसे द्या. फुकट मागितलेली पंधरा मिनिटे आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत. रोज रात्री तुम्ही स्वतः ते पान वाचा. वही कोणी वाचत नाही असे कळले की ती दुपारी एकदम भरली जाऊ लागते, आणि मग दर दोन तासांच्या खुणा एकाच शाईत, एकाच तिरक्या ओळीत दिसतात.

हवेच्या गादीचेही असेच आहे. पंपावर एक खटका असतो आणि तो रुग्णाच्या वजनानुसार ठेवायचा असतो. बाजारातून गादी आली, पेटी उघडली, हवा भरली, खटका शेवटच्या टोकाला राहिला, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. मग ती महागाची गादी फळीसारखी टणक होते. आपल्या गादीचा खटका आज घरी गेल्यावर पाहा. आणि गादी कितीही चांगली असली, तरी तिच्यामुळे कूस बदलणे टळत नाही.

आता चौथ्या मावशींकडे येते. आपण लिहिता की त्या 'दुपारी झोपत'. त्या चोवीस तासांच्या होत्या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटली तर बारा, दोन, चार आणि सहा वाजता उठावे लागते. मधे डायपर बदलायचे ते वेगळे. दोन महिने जी बाई असे उठली, आणि त्या दोन महिन्यांत आईच्या पाठीवर जखम झाली नाही त्याअर्थी ती उठत असावी, ती दुपारी दोन तास झोपली नाही तर कधी झोपणार? चोवीस तासांच्या मावशी म्हणजे चोवीस तास जाग्या मावशी, असा हिशेब आपण सगळेच नकळत करतो, कारण पैशांचा दर चोवीस तासांचा असतो. अशा मावशींना दुपारचे ठरलेले दोन-तीन तास, तेवढ्या वेळापुरते घरातले किंवा शेजारचे एक माणूस, आणि आठवड्याची एक सुट्टी हे आधीच ठरवून द्यावे लागते. तसे करणे जमत नसेल, आणि रुग्णाला रात्री वारंवार उठून बघावे लागत असेल, तर बारा तासांच्या दोघीच ठेवाव्यात.

तुमच्या बहिणीचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. इतक्या दूर राहून आईचा पलंग पडद्यावर पाहणे हे तिच्यासाठीही सोपे नसणार. पण कॅमेऱ्यावर मावशी झोपलेल्या दिसतात. त्या रात्री चार वेळा उठल्या हे पाहायला त्या वेळी पडद्यासमोर कोणी नसते. आईच्या पाठीखाली किती वेळ दाब आहे, हे तर कॅमेऱ्याला मुळीच दिसत नाही. शिवाय त्याच खोलीत आईचे अंग पुसले जाते, डायपर बदलला जातो. कॅमेरा लावताना आईला विचारले होते का? तिला सगळे समजते असे आपणच लिहिले आहे. माझ्या मते तो कॅमेरा दिवाणखान्यात किंवा दाराकडे तोंड करून हलवावा, आणि तो आहे हे मावशींना पहिल्याच दिवशी सांगावे.

मोठ्या कंपनीची सेवा घ्यावी का? दर जास्त म्हणजे सेवा चांगली, हे गृहीत धरू नका. आपण दुप्पट पैसे मोजले तरी मावशींच्या हातात दुप्पट पडतात असे नाही, आणि येणारी बाई पुष्कळदा त्याच वस्तीतून, त्याच अनुभवानिशी आलेली असते. फरक असलाच तर तो मागच्या व्यवस्थेत असतो, म्हणून प्रश्न त्या व्यवस्थेविषयी विचारावेत. घरी येऊन आईला तपासून काळजीचा आराखडा कोण लिहून देणार? तो आराखडा पाळला जातो का हे बघायला नोंदणीकृत परिचारिका किती दिवसांनी येणार? मावशी आल्या नाहीत तर बदली किती तासांत? मावशींना महिन्याला हातात किती मिळतात? या चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की माणसे तिथे का टिकत नाहीत याचा अंदाज येतो. चारही उत्तरे लेखी मिळत असतील, तर बहिणीचे पैसे तिथे घालायला हरकत नाही. नुसते गणवेश आणि मोबाइलवरचे ॲप दाखवले जात असेल, तर आपला लहान ब्युरो आणि दोनशे पानी वही पुष्कळ बरी.

केअर सेंटरविषयी एवढेच सांगते की तिथे पाठवणे म्हणजे आईला टाकणे, असे मी मानत नाही. उचलायला दोन माणसे लागत असतील, नळीने भरवावे लागत असेल आणि घरात कोणाचीच झोप होत नसेल, तर तो योग्य निर्णय असू शकतो. पण आपली आई समजून-उमजून घरात आहे, तोंडाने जेवते, आणि आपण अजून घरची व्यवस्था नीट लावून पाहिलेलीच नाही. जाऊन पाहायचेच असेल, तर न कळवता सकाळी अकराला जा आणि किती रुग्णांना खुर्चीत बसवले आहे ते मोजा. मग रात्री किती माणसे कामावर असतात ते विचारा.

पत्नीच्या नोकरीबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे. 'शेवटी घरचेच माणूस लागते' हे वाक्य आपल्या समाजात इतके गुळगुळीत झाले आहे की त्यात 'घरचे माणूस' म्हणजे सून, हे वेगळे सांगावेच लागत नाही. आपण नोकरी सोडावी असे कोणी सुचवल्याचा उल्लेख पत्रात नाही. बहिणीने सहा महिने रजा घेऊन यावे, असाही नाही. पत्नी 'तयार आहे' हे खरे असेल, पण ती तयार कशी झाली, हे तिच्याशी निवांत बसून एकदा बोला. आणि भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी, जे सातजणींना कोणी दाखवले नाही ते तिलाही कोणी दाखवलेले नाही. घरचे माणूस असल्याने पलंगावरून उचलताना कंबर वाचत नाही, आणि कूस बदलायचे ज्ञान आपोआप येत नाही. एक पगार कमी होऊन, एक माणूस थकून, आईच्या काळजीत फरक पडेलच याची काहीच खात्री नाही.

आपल्या घराला खरोखर ज्याची उणीव आहे ते माणूस दिवसभर बसणारे नाही; ते येऊन-जाऊन देखरेख करणारे आणि शिकवणारे आहे. केरळने २००८ मध्ये उपशामक काळजीचे, म्हणजे दीर्घ आजारात रुग्णाचा त्रास कमी ठेवणाऱ्या सेवेचे, धोरण आखले. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी फेरी मारतात, आणि घरच्यांना हाताला धरून शिकवणे हा त्या फेरीचाच भाग असतो. नेदरलँड्समध्ये २००६ पासून बुर्टझोर्ग नावाची संस्था परिचारिकांच्या लहान लहान तुकड्या करून काम करते. एका तुकडीत जास्तीत जास्त बाराजणी, म्हणजे रुग्णाला रोज नवा चेहरा पाहावा लागत नाही. तशी व्यवस्था आपल्या पेठेत तयार मिळणार नाही, पण तिचा गाभा आपल्याला आणता येतो. एका जी.एन.एम. परिचारिकेला पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे पंधरा दिवसांतून एकदा बोलवा. रुग्णालयातून मिळालेले डिस्चार्जचे कागद त्यांच्यापुढे ठेवा. दोन्ही पाळ्यांच्या मावशी, आपण आणि पत्नी असे सगळे हजर असताना त्यांच्याकडून एकेक काम करून दाखवून घ्या आणि मग मावशींना त्यांच्यासमोर करू द्या. भौतिकोपचारतज्ज्ञांचेही (फिजिओथेरपिस्ट) तसेच : ते दिवसातून अर्धा तास येतात, उरलेले साडेतेवीस तास हात-पाय हलवायचे कोणी आणि खुर्चीत बसवायचे कसे, हे मावशींना शिकवणे हे त्यांच्या कामात मोडते. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते, तेव्हा हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. पाणी पिताना आईला ठसका लागत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. भरवताना तिला ताठ बसवावे आणि नंतर किमान अर्धा तास आडवे करू नये.

कागदपत्रांचे थोडक्यात. रुग्णालय किंवा नर्सिंग होम चालवायला आपल्याकडे १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, पण त्या कायद्याची नजर रुग्ण ठेवण्याच्या जागेवर आहे. आपल्या घरात येणाऱ्या सेवेला आधार आहे तो आपण केलेल्या कराराचा. म्हणून कामांची यादी, सुट्ट्या, बदलीची मुदत, अनामत परत मिळण्याची अट हे लिहून घ्या. पैसे मोजून घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ज्येष्ठांसाठीच्या एल्डर लाइनचा १४५६७. आरोग्य विम्यावर मात्र विसंबू नका. पॉलिसीत 'घरी उपचार' असे शब्द असले तरी त्यात मावशींचा पगार सहसा बसत नाही.

कराराची दुसरी बाजूही लिहायला हवी. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण घरात बारा तास राहणाऱ्या बाईला तो बहुधा ठाऊकही नसतो. तिने जेवायचे कुठे, काय आणि किती वाजता. रात्री पाठ टेकायची कुठे. कोणते स्वच्छतागृह वापरायचे. हे पहिल्या दिवशी सांगितले जात नाही आणि विचारायला ती लाजते. काही घरांत तिचा कप अजून वेगळा ठेवलेला असतो, खिडकीत, पालथा. आपल्या घरी असे नसेल. पण असेल, तर ज्या हातांनी आई जेवते त्या हातांसाठी वेगळा कप ठेवणाऱ्या घरात माणूस का टिकत नाही, याचे उत्तर ब्युरोकडे मागू नये.

बहिणीसाठीही एक काम सुचवते, पैसे पाठवण्याहून वेगळे. आपल्याकडे रात्री आठला पाळी बदलते तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ वाजलेले असतात. त्या वेळी वहीच्या पानाचा फोटो तिला पाठवावा आणि तिने तो वाचून, काही खटकले तर तुम्हाला विचारावे. मावशींना किंवा ब्युरोला परस्पर फोन करू नये. मावशींना सूचना देणारे घरात एकच माणूस असावे, आणि ते तुम्ही असावे.

राहता राहिली आई. पत्रात तिचे वय आहे, आजार आहे, जखम आहे, पण तिचे मत कुठेच नाही. बोलणे अस्पष्ट असले तरी 'हो' आणि 'नाही' डाव्या हाताने सांगता येते. हात दाबला तर हो, सोडला तर नाही, असे ठरवून घ्या आणि एकावेळी एकच प्रश्न विचारा. कोणत्या मावशी बऱ्या वाटत होत्या, हे विचारा. चौथ्या मावशी गेल्या त्या दिवशी ती जेवली नाही याची नोंद आपण केली आहे, पण ती कदाचित प्रकृतीची कुरबूर म्हणून. मला ते तिने दिलेले उत्तर वाटते. चौथ्या मावशींचा नंबर आपल्या फोनमध्ये अजून असेल. ब्युरोला कळवून त्यांना फोन करा, दुपारच्या तीन तासांच्या झोपेचे आणि आठवड्याच्या सुट्टीचे आधीच बोला, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करा, आणि त्या यायला तयार आहेत का ते विचारा.